दिला, उचला!

४ मार्च
ठरलं. पन्नाशी पूर्ण, म्हणजे सीनियर गोल्फ टूरला आपण पात्र. पुढच्या महिन्यात निवड फेरी. एकेकाळचा चॅम्पियन परत येतोय कळलं तर निम्मे लोक नावं मागे घेतील. म्हणून सध्या कुणाला काही सांगायचं नाही.

४ मार्च, संध्याकाळ
सगळ्यांना सांगितलं. बायको म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन करा. चॅम्पियनशिपचा चषक कपाटावरून खाली काढला. त्यात किल्ल्या होत्या. परत ठेवला.

९ मार्च
क्लबवर दंतवैद्य आणि वकील, दोघांनाही धुतलं. मैत्रीच्या मॅचमध्ये चेंडू होलच्या अगदी जवळ आला की समोरचा म्हणतो, "दिला, उचला." चेंडू आत गेला असं धरायचं आणि खिशात टाकायचा. मला हल्ली बऱ्याच लांबून देतात. दरारा! डॉक्टरांनी तर आज चेंडू थांबायच्या आतच दिला. दवाखान्यात कुणीतरी तोंड उघडून बसलं होतं म्हणे.

१५ मार्च
शेवटच्या छोट्या फटक्याचा सराव घरीच. हॉलमध्ये गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवला. चेंडू पेल्याला वळसा घालून सोफ्याखाली. फरशीच तिरकी आहे, बसवणाऱ्याला मी तेव्हाच बोललो होतो. बायकोला म्हटलं, हा दिलास असं समज. तर म्हणे, "का म्हणून? पेला इथे, चेंडू तिथे!" इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने कुणाला काही सोडलेलं नाही. भाजीवाल्याला नाही, मला तर नाहीच.

२० मार्च
माझे हात थरथरतात ही वकिलाने उठवलेली अफवा आहे. फक्त छोट्या फटक्याला थरथरतात. उपाय : कॉफी बंद. पहाटे ध्यान.

२१ मार्च
ध्यानात झोप लागली. हात मात्र एकदम स्थिर. कॉफी चालू.

२ एप्रिल
नवी स्टिक घेतली. जुनीने चॅम्पियनशिप जिंकून दिली हे खरं, पण तिचंही आता वय झालं. बायकोने विचारलं, "आणि हात?" दुर्लक्ष केलं. मोठ्या खेळाडूंच्या घरी हे चालायचंच.

११ एप्रिल, सकाळ
निवड फेरी. पहिला फटका लांब, सरळ, देखणा. टाळ्या पडल्या. लिहून ठेवतो : आजचा दिवस माझा.

११ एप्रिल, संध्याकाळ
स्पर्धेत कुणी काही देत नाही. चेंडू आत घालावाच लागतो. मला अर्थातच माहीत होतं. पहिल्याच होलवर चेंडू हातभर अंतरावर थांबला आणि मी सवयीने उचलायला वाकलो. बरोबरचा टकलू ओरडला, "ओ, तो आत कुठे गेलाय?" म्हटलं, बघत होतो नुसता. मग मारला. होलच्या पलीकडे. परत मारला. अलीकडे. टकलू आधी हसला, मग घड्याळ बघायला लागला, शेवटी शेवटी भलतीकडेच बघायला लागला. तेच जास्त झोंबलं. पुढच्या सगळ्या होलवर हाच तमाशा. निकालाच्या फलकावर माझ्या नावाखाली फक्त प्रायोजकांची नावं होती.

१२ एप्रिल
वारा फार होता. गवत नीट कापलेलं नव्हतं. टकलूची सावली मध्ये येत होती. पुढच्या वर्षी सोडत नाही.
क्लबवर गेलो नाही. दंतवैद्याचा फोन घेतला नाही.

१३ एप्रिल
सकाळीच सराव सुरू. गालिचा, पेला. चेंडू पेल्यापासून वीतभर. बराच वेळ वाकून उभा होतो. फटका मारवेना. भीती वाटत होती, स्वतःच्या घरात, पाणी प्यायच्या पेल्याची.
बायको झाडू घेऊन दारात आली. म्हटलं, आता ऐकवणार. तिने पेल्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. झाडू दाराला टेकवला. मग हळूच म्हणाली, "दिला. उचला."
का म्हणून, असं मी विचारायला हवं होतं.
उचलला.