धाकट्याचा नंबर

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र नाही, म्हणजे तू खुशाल असणार. आजारी पडलास की तुझी पत्रं येतात, एरवी आम्ही कोण तुझे. आम्ही दोघी ठीक आहोत. आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया महिनाअखेरीला करायचं ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पिकला, आता थांबू नका. आई म्हणते, पिकला असेल तर आपोआप गळून पडेल. तिला असलं सुचतंय तोवर मला काळजी नाही.

दुकान चालू आहे. पण एक गोष्ट घडली ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बाबांची शिकवण तुला आठवत असेल. माप घेताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस पोट आत ओढून घेतो आणि मग कोट आवळतो म्हणून आपल्याशी भांडायला येतो. ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की रस्त्यात मी माणसं चेहऱ्यावरून नाही, खांद्यावरून ओळखते. परवा दुपारी दुकानात गर्दी होती. एक गृहस्थ उंची कापड घेऊन आले, मुलीच्या लग्नात घालायला कोट हवा म्हणाले. मी खांदा, छाती, बाही सगळं माप घेतलं, कापडावर खडूने खूण केली, आणि ट्रायलची तारीख सांगायला मान वर केली तर समोर तो उभा. गिरणीचा मॅनेजर. बाया काम टाकून मधेच बाहेर पडतात म्हणून ज्याने मागच्या दाराला कुलूप घातलं होतं, आणि आग लागली तेव्हा आपली मधली, टकळी, त्याच दाराशी होती.

त्याने मला ओळखलं नाही. कोर्टात मी रोज त्याच्या समोरच्या बाकावर बसायचे, तरी नाही. तब्येत छान आहे, केस काळेभोर, चेहऱ्यावर सुरकुती नाही. कोर्टाने सोडल्यापासून त्याला बढतीही मिळाली आहे म्हणे. पाचही बोटं तुपात. देव तारी त्याला कोण मारी, हे बोलणं अशा माणसालाही लागू पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी कापड परत केलं नाही. माप घेतलं की काम घेतलं, हाही बाबांचाच नियम. संध्याकाळी आईला सांगितलं. म्हणजे देवाला सांगितलं आणि आईने ऐकलं, आपल्याकडे चालतं तसं.

आता मुद्द्याचं. आईचा डोळा होईल तेव्हा तू ये. कोर्टाचा निकाल लागल्यापासून तू घरी पाऊल टाकलं नाहीस. ती मागे लागत नाही, पण रस्त्यावर कुणी तुझ्यासारखं खाकरलं की तिचा हात थांबतो. मला ते बघवत नाही.

तुझी वाट बघण्याची सवय आम्हाला लागली आहे, ती मोडायला ये.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा मधेच खाली ठेवलं. तू त्याचं माप घेतलंस. एक वेळ ते ठीक, तुला माहीत नव्हतं. पण कळल्यावर ते कापड त्याच्या तोंडावर का फेकलं नाहीस? बाबांचे नियम माणसांसाठी होते. ताई, रागावू नकोस, पण मला तुझा राग आला आहे.

शेजारच्या काकू टकळी गेली तेव्हा म्हणायच्या, देवाच्या काठीला आवाज नसतो. आवाज नसू दे, काठी तरी दिसू दे. मला तर ती कुठेच दिसत नाही. मी दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर बसून असतो. खाली गोदीत माणसं फिरतात, मला त्यांच्या नुसत्या पिवळ्या टोप्या दिसतात. कोण कष्टाळू, कोण लबाड, वरून काही कळत नाही. कधी वाटतं, देवाचंही असंच होत असेल. पण मग वाटतं, मी निदान कुणाच्या अंगावर ओझं सोडत नाही.

मी येणार नाही. का ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. जेवणं झाली की आपण बसायचो. बाबा, आई, तू, टकळी आणि शेवटी मी, वयाप्रमाणे एकेकाचा नंबर. प्रत्येकाने देवाला आपला दिवस सांगायचा. टकळी एकदा सुरू झाली की मला झोप लागायची. माझा नंबर येईपर्यंत मी आडवा झालेला असायचो, त्यामुळे देवाला माझ्याबद्दल फारशी माहिती नसावी. मग बाबा गेले, आणि मग टकळी गेली. तुझं झालं की एक रिकामी जागा यायची आणि मग मी. निकालाच्या दिवशी त्या रिकाम्या जागेनंतर मी म्हणालो की वर कुणी नाही. आईकडे बघितलं. ती एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, रडली असती, तरी मी बसलो असतो. पण ती नुसती गप्प राहिली. तेव्हा मला कळलं की या घरात आता माझी जागा नाही, आणि मी उठलो.

आईच्या घरात देव आहे. माझ्याकडे तो उरलेला नाही. तिथे बसून खोटे आभार मानणं मला जमणार नाही, आणि खरं बोलून तिला पुन्हा दुखवणंही नाही.

एक मात्र कबूल करतो. मला देवाची आठवण येत नाही, त्या बोलण्याची येते. दिवसभरात काही गमतीचं झालं की मनात येतं, संध्याकाळी सांगू. आणि मग आठवतं, की सांगायचं कुणाला. इथे प्रार्थनेची जागा माझ्या वाटेवरच आहे. मी तिथे रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

आईचा डोळा कसा झाला ते कळव. माझ्यावर माया कमी करू नका, एवढंच मागतो.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, क्रेनवरून हाकणारा तू पहिलाच. कापड तोंडावर फेकायचं होतं तर यायचंस ट्रायलला. मी तुला दार उघडून दिलं असतं.

तो काल आला. कोटाला कच्चे टाके घातले होते. आरशासमोर उभा करून मी पाठीमागून टाचण्या लावत होते. त्याने आतल्या बाजूला एक खोल खिसा मागितला, चांगला मजबूत. म्हणाला, किल्ल्यांचा जुडगा जड असतो, साधा खिसा फाटतो. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. त्या काढून मुठीत धरेपर्यंत माझा आवाज ताळ्यावर आला. मी त्याला सांगितलं, मी कोण ते. मागच्या दाराशी माझी बहीण होती हेही सांगितलं.

तो वळला नाही. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला की फार वाईट झालं होतं ते, पण कोर्टात सगळं स्पष्ट झालेलं आहे. मग म्हणाला, डावी बाही किंचित लांब वाटते.

मी बाही कमी केली. खिसाही लावला. आज येऊन कोट घेऊन गेला. तुला खोटं कशाला सांगू, तो कोट त्याला फार छान बसला. बाबा असते तर म्हणाले असते, हात बसला तुझा. हे लिहितानाही मला माझ्या हातांचा राग येतो आहे. पण वाईट शिवलं असतं तर काय झालं असतं? एक वाईट शिवलेला कोट जगात जास्त झाला असता. टकळी आली नसती.

काल संध्याकाळी माझ्या नंबराला तोंडच उघडवेना. आई थांबून राहिली. शेवटी मी देवाला म्हणाले की आईचा डोळा निदान दुरुस्त तरी होणार आहे, तुझा कोण करणार? एवढं बोलून मी पदर तोंडात कोंबून रडले. आई गप्प होती. सकाळी नेहमीसारखा चहा झाला, तिने माझ्या कपात साखर जरा जास्त घातली.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं आहे. चिडू नकोस. तिला दिसत नाही आणि मला लपवता येत नाही. ऐकून तिने ते माझ्याकडून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. मग म्हणाली, पट्टी सुटू दे, याला मीच लिहिणार.

आमच्यावरचा राग निवला असेल तर लोभ परत सुरू कर.

तुझी ताई


९ मार्च

चि. धाकट्यास,

आईचे अनेक आशीर्वाद. अक्षर मोठं आलं आहे, समजून घे. पट्टी सुटली. पहिल्यांदा दिसली ती कोपऱ्यातली जळमटं. तुझी ताई इतके दिवस मला सांगत होती की घर लखलखीत आहे. आता म्हणते, डॉक्टरांनी डोळ्यातलं जरा जास्तच काढलं.

बाळा, तुझं पत्र ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी गप्प बसले म्हणून तू गेलास? आपल्याकडे एकाचा नंबर चालू असला की दुसऱ्याने अवाक्षर काढायचं नाही, हे तू विसरलास कसा? तो नियम बाबांनी तुझ्याचसाठी केला होता. टकळी तुला मधेच तोडायची आणि तू हिरमुसून झोपी जायचास. तू म्हणालास वर कुणी नाही, आणि थांबलास. मला वाटलं, पुढे बोलशील. मी ऐकत होते रे. तू उठलास तेव्हा वाटलं पाणी प्यायला गेलास. दार वाजलं तेव्हा कळलं.

आणि तिथे फक्त आभार मानायचे असं तुला कुणी सांगितलं? तू लहान होतास, तुला आठवत नसेल. दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवला होता त्या वर्षी तुझ्या बाबांनी कित्येक दिवस देवाला एक गोड शब्द दिला नाही. नुसत्या तक्रारी. मी म्हणायचे, तो काय रस्ते खात्यात आहे का? ते म्हणायचे, मग ज्याच्या खात्यात आहे त्याला सांगू दे.

तो माणूस का सुटला, मला माहीत नाही. तो आपल्या मुलीला लग्नात पोटाशी धरील, आणि आगीनंतर मला माझी मुलगी ओळखूसुद्धा दिली नाही कुणी. मी रोज विचारते. उत्तर येत नाही. तू म्हणशील, मग विचारतेस कशाला. अरे, कोर्टाने फाइल बंद केली. गिरणीने नव्या बाया घेतल्या. शेजारीपाजारी आता विषय काढत नाहीत, त्यांची तरी काय चूक. माझ्या लेकीचा जाब विचारायला मला एकच जागा उरली आहे. मीच ती सोडून दिली तर तो माणूस खरोखरच सुटला.

माझा विश्वास म्हणजे एवढाच आहे. लोकांना वाटतं फार मोठा आहे. काही दिवस तर नुसतं भांडणच असतं. पण भांडायला तरी तो हवा मला.

रोज ताईचं झालं की आम्ही थांबतो. टकळीची जागा रिकामीच राहणार, ते मी मनाला समजावते आहे, अजून पुरतं समजलेलं नाही. त्यानंतर तुझ्यासाठी थांबतो. आणि तू तर आहेस. तुझं बोलणं त्या दिवशी अर्धं राहिलं असं मी धरून चालते. ये आणि पुरं कर. शिव्या देशील तर दे, मी मधे बोलणार नाही.

तुझ्याशिवाय माझी माया कुठे खर्च होत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी आई


१५ मार्च

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आज गोदीतच मिळालं. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले, मी खाली उतरलो नाही. वाचून झालं आणि बराच वेळ काचेतून पाण्याकडे बघत बसलो. मी किती मूर्ख आहे हे ताईला आधीपासून माहीत होतं, तू निदान आत्ता तरी ऐकून घे. इतकी वर्षं मी तुझ्या गप्प बसण्याशी मनातल्या मनात वाद घालत होतो, आणि तू नुसती ऐकत होतीस.

केबिनची काच ओढून घेतली आणि ताईनंतर तुम्ही थांबता तसा थांबलो. मग बोलायला लागलो. ठरवून नाही. म्हणालो, टकळी दार वाजवत होती, तू ऐकलं नाहीस का? तिच्यासारखी बडबडी पोर, तिचा आवाज तुला कसा गेला नाही? त्याला लग्न दिलंस, कोट दिलास, आणि माझ्या आईला पट्टी सुटल्यावर बघायला जळमटं दिलीस. आणखीही पुष्कळ बोललो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी ओरडतो आहे हे मला कळलंच नाही. खालून मुकादमाने वॉकी-टॉकीवर विचारलं की सगळं ठीक आहे ना, आणि वर एकटा कुणाशी बोलतो आहेस.

आई, मी बटण दाबून धरलं आणि मला उत्तर देता येईना. कुणी नाही, असं सांगायला गेलो तर शब्द बाहेर पडेनात. निकालाच्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच सांगत आलो आहे. मग इतका वेळ तू तू म्हणून मी कुणाचा गळा धरला होता?

माझा राग गेलेला नाही, त्यातला कणभरही नाही. तो घेऊनच शनिवारी येतो आहे. जेवणं लवकर उरकून घ्या, मला वेळ लागेल.

तुमच्याकडे साठलेली माया शनिवारी एकदम घेईन, तोवर जपून ठेवा.

तुझा,
धाकटा