मुळीचं नाव

तुये, पेडणे
१९८९

शंभूमामा,

तुम्हाला नमस्कार लिहायला आज माझा हात धजत नाही.

कावीळ झाली तेव्हा ह्यांना मीच तुमच्याकडे लाटंबार्स्याला नेलं. तुमच्या झाडपाल्याच्या वखदाने कितीजण बरे झाले, ते मी नाकारत नाही. पण ह्यांची शुद्ध हरपली, तेव्हा इस्पितळातली डॉक्टरीण तुम्हाला हात जोडून म्हणाली, "कुठली मुळी दिलीत तेवढंच सांगा. पुढचे उपचार त्यावर ठरतील." आणि तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "नांव घेतल्यार वखदाचो गूण वता."

गुण! इथे माझं कुंकू पुसलं जात होतं आणि तुम्ही मुळीची अब्रू झाकत बसलात! तेराव्याला मात्र आलात, चांगले पाटावर बसून जेवलात.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, आणि बापाबद्दलचं हे सगळं तुमच्या गौरवीला मोठ्याने वाचायला लावायचं माझ्या जिवावर येतं.

नाव घेतलं तर गुण जाईल, म्हणून गप्प राहिलात ना? माणूस गेला, मामा. आता तरी नाव सांगा.

लग्नात जिच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहिलात, ती
विमला