टेबलाखालची मुलगी

आई, काल तुझ्या नातीच्या शाळेत मला बोलावलं होतं. ती सात वर्षांची आहे, तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झालेली. तिला ऑटिझम आहे. हा शब्द तुझ्या वेळी आपल्या घरात कुणी ऐकलाही नव्हता. सकाळी बालीगंजमधली शाळा, दुपारी थेरपी. थेरपीमुळेच ती पाणी मागायला शिकली, त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो. आता तिथल्या ताई म्हणतात, वर्षभर शाळा थांबवा, तिला दिवसभर इकडे आणा, हेच वय आहे. शाळेतल्या बंगाली बाई म्हणाल्या, "डब्याच्या सुट्टीत एक मुलगी रोज तिचा हात धरून बसते. हे तिथे कोण देणार?" दोघीही खरं बोलतात, तिथेच तर अडतं. नवरा म्हणतो, "तू ठरव, मी तुझ्या बाजूने आहे." मला बाजू नकोय गं, उत्तर हवंय.

म्हणून तू शिकवायचीस तो पहिलीचा वर्ग आठवत बसले. मी तुझ्याच वर्गात आहे. एक मुलगी दिवसभर तुझ्या टेबलाखाली बसून खडूचे तुकडे ओळीत लावते. मी चिडून विचारते, "ती बाकावर बसत नाही, मग मी का बसू?" फळ्यावर लिहिता लिहिताच तू म्हणतेस, "तुला बसता येतं म्हणून." तुझं हे वाक्य मी किती जणांना कौतुकाने सांगितलंय. काल पहिल्यांदाच मनात आलं, ती मुलगी पुढे बोलायला लागली का? दुसरीत तरी गेली का? तू तिला सांभाळलंस, की नुसतं तिथे राहू दिलंस? आणि तेव्हा राहू देणं हेच सांभाळणं होतं का? हे तुला विचारायचं राहूनच गेलं. आता हा कागद तरी कुठे पाठवणार.

आज सकाळी लेकीला शाळेत सोडायला निघाले, टॅक्सीवाल्याने कुठे जायचं विचारलं, आणि माझ्या तोंडून नदीवरच्या घाटाचं नाव निघालं. हावड्याला जाणाऱ्या लाँचमध्ये ती मला टेकून गुणगुणत होती. पलीकडे उतरायची वेळ आली तशी माझी ओढणी धरून म्हणाली, "आबार." म्हणजे बंगालीत, पुन्हा. हा शब्द तिच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता. तो शाळेत सापडला की थेरपीत, मला कळेना. खरं सांगू? शाळेला आणि थेरपीला, दोन्हीकडे मी टॅक्सीतूनच कळवलं होतं की तिला ताप आहे. आणि पलीकडच्या घाटावर उतरून मी परतीची तिकिटं काढली, तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही.