किंगपिनमधली राख

मी, शालीकराम वल्द यादोराव डोंगरवार, वय बावीस, धंदा शेती आणि लॉरी, राहणार मौजा मुर्री, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, आज आपखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता हा कागद करून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. आत्याबाईचे म्हणणे वेगळे आहे; पण गेले आठ दिवस तिने माझे फक्त लॉरीखालून बाहेर आलेले पाय पाहिले आहेत, त्यामुळे तिचे मत कायद्यात धरू नये.

बाविसाव्या वर्षी मृत्युपत्र कायले, असे कोणी विचारील. परवा अक्षय तृतीयेला केवलराम पाटलांच्या रुख्मिणीची वरात मुर्रीहून आमगावला आमच्या लॉरीतून जाणार आहे. लॉरीचा पुढचा भाग मी स्वतः खोलून दुरुस्त केला आहे. तो टिकतो की नाही, हे तिच्या आधी कोणीतरी पाहिले पाहिजे. म्हणून उद्या सकाळी हौद्यात धानाची पोती भरून मी आमगावपर्यंत जाऊन येणार. वाटेत नाल्याचा उतार आहे. गेल्या महिन्यात हीच लॉरी तिथे रस्ता सोडून बांधावर चढली होती. उद्या परत आलो तर ठीक. न आलो तर पुढीलप्रमाणे करावे.

कलम १. घर आणि तलावाखालच्या धानाच्या बांध्या माझी आत्या जमुनाबाई हिला. आईच्या माघारी तिने मला वाढवले आणि माझ्या रागालाही दोन वेळ जेवू घातले. तलाव आमच्या पणजोबांनी बांधला. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या सावलीत पडून मी आयुष्याचा बराच भाग काढला आहे. दुपारी पाण्यावर उजेड हलतो आणि डोळे मिटले तरी तो पापण्यांच्या आत हलतच राहतो. त्याची वाटणी करता येत नाही, म्हणून तो गावाकडे राहू द्यावा.

कलम २. इंटरची पुस्तके चुलतभाऊ दुधरामला. बहुतेक कोरी आहेत. मी कॉलेज का सोडले याच्या गावात तीन कथा चालतात, खरी ही. नागपुरात परीक्षेचे दोन पेपर झाले होते. दुधरामचे कार्ड आले, की पाटलांच्या मुलीला पाहायला पाहुणे येऊन गेले. मी तसाच स्टेशनवर गेलो आणि गोंदियाची गाडी धरली. घरी पोहोचल्यावर कळले, पाहुणे थोरल्या सुशीलेला पाहून गेले होते. दुधराम, कार्डावर नाव लिहायला तुझी शाई संपली होती काय? तरी पुस्तके तुलाच.

कलम ३. ट्रंकेच्या तळाशी रुख्मिणीला लिहिलेली आणि न दिलेली पत्रे आहेत. ती न वाचता चुलीत घालावीत. आत्याला वाचता येत नाही, तेव्हा हे काम तिनेच करावे.

कलम ४. आमगावच्या नवरदेवावर, म्हणजे रामलालवर, माझा राग आहे. तो कोणी वारसाने घेऊ नये. त्याने माझे काही वाकडे केलेले नाही. तो सज्जन असल्याचे मला तीन जणांनी सांगितले आणि मी तिघांवरही चिडलो. हा राग माझ्याबरोबर जाळावा.

कलम ५. जॅक, पाने, हातोडे आणि रीमर गोंदियाचे छोटेलाल मिस्त्री यांना, कारण हे काम त्यांनी मला शिकवले. आता त्या कामाबद्दल लिहिणे भाग आहे.

ही लहान लॉरी वडिलांनी जुनीच घेतली होती. बिरसीला धावपट्टीचे काम निघाले तेव्हा हिने गिट्टी वाहिली. वर्षभरापासून वेग घेतला की पुढची चाके डुलू लागत आणि स्टेअरिंग हातात थरथरत असे. लढाईच्या दिवसांत ग्रीस मिळेना. तेव्हा बैलगाडीच्या आसाला घालतो ते ओंगण, म्हणजे एरंडीच्या तेलात कालवलेली तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, राख, मी ग्रीसच्या पंपात भरून दर पंधरवड्याला मारू लागलो. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाड्या त्यावर चालल्या. लॉरी काय आकाशातून पडली आहे, असे मी आत्याला ऐटीत सांगितले होते.

नाल्याच्या उताराला चाक फिरले तेव्हा लॉरी उदारामभाऊ चालवत होते. वडिलांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर. मला क्लच दाबायला त्यांनीच शिकवले. कोणाला इजा झाली नाही, पोती चिखलात गेली. मी मात्र गोंदियाच्या बाजारात, चार लोकांदेखत, त्यांना थोबाडीत मारली आणि मोहाची ढोसून गाडी चालवतो म्हणालो. तो माणूस होळीलासुद्धा घेत नाही. ते निघून गेले. आता धानगिरणीवर पोती उचलतात.

छोटेलालने चाक काढून किंगपिन ठोकून बाहेर काढली. चाक जिच्यावर वळते ती ही पोलादी पिन. ती मधोमध झिजून तिला कंबर पडली होती. तिच्याभोवतीच्या पितळी नळीचा, म्हणजे बुशचा, नुसता पापुद्रा उरला होता. आतला काळा लगदा छोटेलालने बोटांत चोळला.

"भैया, ये ग्रीस नहीं है. चूल्हे की राख है. किसने डाली?"

मी म्हणालो, मालूम नहीं.

त्यानंतर आठ दिवस मी लॉरीखाली आहे. नव्या पिना, नवे बुश. बुशचे भोक कातणारा रीमर केसाकेसाने फिरवून पिन अशी बसवली की अंगठ्याने सरकते, पण हलत नाही. आसावरच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, दुसरे पान तुटले होते, तेही बदलले. फळ्यांच्या फटीतून उन्हाची एक रेघ छातीवर पडायची, आणि हात काम करत असताना मी रुख्मिणीला घेऊन निघालेलो असायचो. आमगाव यायचे, मागे पडायचे. पुढे सालाचे जंगल, पुढे आणखी साल, रस्ता पांढरा होत जायचा, ती काही बोलायची नाही, आणि चाक जराही डुलायचे नाही.

परवा रुख्मिणी पाळीवर भेटली. म्हणाली, "शालीक, गाडी तू नोको चालवू. उदारामभाऊले बलाव."

"काऊन? मले येत नाई का?"

"येते. पण तो मले आमगावले पोचवन. तू कुठं नेशीन, तुलेच मालूम नाई."

एवढे बोलून ती हसली नाही. हसली असती तर मला भांडता आले असते.

कलम ६. लॉरी

येथे लेखणी ठेवली होती. राखेची कबुली या कागदात लिहून मी मोकळा होणार होतो. पण ज्याला मारले त्याने ती मी मेल्यावर ऐकायची, आणि उत्तर द्यायला समोर कोणी नाही, हे मला बरे वाटले नाही. सायकल घेऊन गिरणीवर गेलो. खालचे परत आल्यावर लिहीत आहे.

उदारामभाऊ पोत्यांवर बसून भाकर खात होते. मी हमालांसमोर सगळे सांगितले आणि म्हणालो, इथेच मारून घ्या. त्यांनी घास संपवला.

"राख मी पायली होती, बाबू. ग्रीसच्या निपलातून काळं निघून रायलं होतं."

"मंग बोल्ले काऊन नाई?"

"तू आयकलं असतं का?"

हमालांपैकी एक हसला, आणि पहिल्यांदाच मला राग आला नाही. मग त्यांनी विचारले, कमान आसाला आवळणारे यू-बोल्ट कसले का. कसले, म्हणालो.

"पोते भरून दहा मैल चालवल्याबिगर ते कसले नसतेत. कमान बसते, बोल्ट ढिले पडते. मंग पुन्हा कसा लागते. सकाळी येतो. चाक मी धरन. तू बाजूले बस, आन चूप बस."

तेव्हा कलम सहावे असे: लॉरी उदारामभाऊंना. उद्या आम्हा दोघांचेही बरेवाईट झाले तर त्यांची बायको धुरपताबाई हिला. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सही होताच लागू. जिवंत माणसाने देण्यासाठी निराळा कागद लागत असेल तर तो कोणीही करून आणावा, मी सही करीन. परवा रुख्मिणीला तेच आमगावला पोचवतील. मी समोरून हँडल मारून इंजिन चालू करून देईन आणि बाजूला होईन. एवढे काम मी मागून घेतले आहे.

साक्षीदारांनी माझी सही तेवढी पाहावी. वरचा मजकूर वाचू नये, विशेषतः पाटलांनी.

सही: शालीकराम यादोराव डोंगरवार

साक्षीदार:
१. केवलराम पाटील, मुर्री
२. नंदलाल मास्तर, मुर्री

मुक्काम मुर्री, तारीख २ मे १९४६