कैलासात जागा आहे, चौथीच्या वर्गात नाही

प्रिय मास्तर,

आधी 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही विचारलं असतं, "तीर्थ कुठलं रे दामू, आणि रूप कुणाचं?" म्हणून साधं 'प्रिय' लिहितो. हा 'म्हणून' तरी तुमच्या परीक्षेत उतरेल असं वाटतं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. नगरात त्याचं नवल झालं, कारण माईक दिसला की दामू उठतो अशी माझी ख्याती! पण त्या दिवशी बोलताना मी रडलो असतो, आणि रडणाऱ्या वक्त्याला टाळ्या फार पडतात. तुमच्या मरणावर मला टाळ्या नको होत्या.

आज लिहितोय ते मात्र दुःखानं नाही, संतापानं. उद्या आमच्या शाळा समितीची बैठक आहे. तुमच्या शांताची नोकरी राहणार की जाणार ते तिथं ठरायचं आहे. आणि जाण्याचं कारण काय, ठाऊक आहे? तुम्ही! तिचं शिकवणं नाही, वागणं नाही. तिचे वडील.

त्या शोकसभेचं आधी सांगतो. शांता शिकवते त्याच मुलींच्या शाळेत ती झाली. आमचे अध्यक्ष तात्या गुळाच्या अडतीवरून तसेच उठून आले होते. हात जोडून म्हणाले, "कैलासवासी मास्तर..." मागून कुणीतरी हळूच सांगितलं, "अहो तात्या, ख्रिस्तवासी म्हणा!"

"त्येच ते," तात्या म्हणाले. "मानूस वर गेला. आता आपन त्याला कशाला वाटा दावायच्या?"

सगळे हसले. भिंगारहून आलेली तुमच्या चर्चची मंडळीही हसली. मीसुद्धा. तात्या मनाचे वाईट नाहीत, हे लक्षात असू द्या. पुढे त्यांचंच येणार आहे.

मग तुमच्या सन्मानार्थ शाळेला अर्धी सुट्टी जाहीर झाली. सुट्टी! तुमच्या नावानं! लग्नाच्या दिवशी सकाळची शाळा उरकून मग चर्चमध्ये गेलेल्या माणसाच्या नावानं! पोरी आनंदानं ओरडत बाहेर पळाल्या. शांता एकटी वर्गात राहिली आणि फळा पुसत बसली. तो आधीच पुसलेला होता.

मास्तर, नगरात तुमचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. 'म्हणून-कसं मास्तर' म्हटलं की टांगेवाला नेमका तुमच्या दारात आणून सोडायचा. मी लहानपणी तुम्हाला सांगितलं होतं, "मांजर आडवं गेलं म्हणून मी नापास झालो." तुम्ही चष्मा वर केलात. "म्हणून कसं? पेपर मांजरानं लिहिला का?" सगळा वर्ग हसला आणि मी आठवडाभर तुमच्यावर रुसलो. मग तुम्हीच समजावलंत, "अरे, 'म्हणून' हे जू आहे. दोन्हीकडे बैल जुंपलेत का ते आधी बघ. एकीकडे बैल आणि दुसरीकडे बोकड जुंपलास तर गाडी खड्ड्यात जाणार."

पुढे तुरुंगात मी तर्कशास्त्रावरची जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांत या बोकडाहून जास्त फारसं काही सापडलं नाही.

आज नगरभर बोकड जुंपलेल्या गाड्या धावताहेत, मास्तर! परवा एका कचेरीत गेलो. ऊन चढलं तरी कारकून जागेवर नव्हता. आला तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "साहेब, आता आपलंच राज्य आहे. घाई काय?" हाच गृहस्थ गोऱ्या कलेक्टरच्या काळातही उशिराच यायचा. तेव्हा म्हणायचा, "परक्याचं राज्य, आपण कशाला मरमर करायची?" परक्याचं राज्य म्हणून काम नाही, आणि आपलं राज्य म्हणूनही काम नाही! दोन उलट्या कारणांतून एकच उत्तर निघतं, तेव्हा उत्तर आधी ठरलेलं असतं आणि कारण मागाहून शोधलेलं असतं. हे तुमचंच वाक्य. मी ते भाषणात घातलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. तो कारकूनही पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

आता शांताचं. गेल्या आठवड्यात समितीत तिला कायम करण्याचा विषय निघाला. वर्षभर तिनं चौथी शिकवली. एकानं तरी विचारावं की पोरींना गणित येतं का, वाचता येतं का? नाही. आमचे वकील सभासद उठले आणि कोर्टात उठावं तसे घसा खाकरून बोलले, "यांच्या वडिलांनी बेचाळीसच्या चळवळीत शाळा चालू ठेवली. म्हणून ते सरकारधार्जिणे. ते तसे म्हणून मुलगीही तशीच. म्हणून आपल्या मुली तिच्या हाती देणं योग्य नाही. शिवाय साहेब गेला. साहेबाची माणसं आता कशाला?"

साहेबाची माणसं! भिंगारच्या नाल्यापलीकडे ज्यांच्या पिढ्या जगल्या आणि पुरल्या गेल्या, ज्यांची ओवी आणि आपली ओवी एक, ज्यांच्या घरची आमटी आपल्याहून तिखट, ती साहेबाची माणसं? साहेब बोटीतून आला, बोटीतून गेला. शांतानं कुठल्या बोटीतून जायचं?

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वकीलसाहेब, बेचाळीसमध्ये मास्तर शाळेत होते. आपण कुठे होता? बादशहाच्या शिक्क्याच्या कोर्टात अशिलाची बाजू मांडत होता ना?" लोक खो खो हसले. वकील लाल झाले. मला क्षणभर बरं वाटलं. पण मास्तर, तुम्ही असता तर हसणाऱ्यांत नसता. वकील खोटे ठरले म्हणून शांता खरी ठरली का? विषय होता तिथंच राहिला आणि पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक उद्याची.

तुम्हाला कैलासात जागा द्यायला ही मंडळी एका पायावर तयार आहेत. तुमच्या लेकीला चौथीच्या वर्गात नाही!

बैठक संपल्यावर तात्यांनी मला दाराबाहेर बाजूला घेतलं.

"दामूअण्णा, लई ताणू नका. पोरगी चांगली हाय, मला काय दिसत न्हाई व्हय? पन वकिलाच्या तोंडाला कुलूप घालायला कायतरी पायजे का न्हाई? मास्तरांची येकादी देशभक्तीची गोष्ट सांगा. बारकीशी. ठराव मी बसल्या जागी पास करून देतो."

"आणि गोष्ट नसली तर?"

"आसंल की! म्हातारा यवढा जगला, येक बी गोष्ट नसंल?"

गोष्ट आहे. म्हणून तर माझी तळमळ. तुम्ही, मी आणि शांता सोडून ती कुणाला ठाऊक नाही.

बेचाळीसचा तो पावसाळा आठवतो ना? देशाचे पुढारी नगरच्या किल्ल्यात कोंडलेले, आणि त्याच किल्ल्यासमोरून तुम्ही छत्री काखेत मारून रोज शाळेला जात होता. मी भूमिगत होतो. वॉरंट निघालं आणि सगळी दारं बंद झाली, तेव्हा भरदुपारी मी तुमच्या मागच्या दारी आलो. तुम्ही दार उघडलंत, मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "या वक्ते! जेवलात का?"

शांतानं भाकरी थापल्या. पिठलं, ठेचा. ते पोटात गेल्यावर मी तुमच्याशीच भांडायला उठलो.

"मास्तर, देश पेटलाय आणि तुम्ही त्रैराशिक शिकवताय?"

"देश पेटला, म्हणून त्रैराशिक बंद कसं?"

"वर्गात पोरं तरी आहेत का?"

"येतात तेवढी आहेत. इंग्रज जाईल रे दामू, आज ना उद्या. त्याच्या खुर्चीत बसेल त्याला बेरीज यायला हवी की नको?"

मी चिडलो. तुम्ही चुकता आहात असं तोंडावर सांगितलं. आजही सांगतो, मास्तर, तुम्ही चुकलात! काही दिवस असे येतात की शाळा बंद ठेवणं हाच त्या दिवसाचा धडा असतो. तुम्हाला तो दिसला नाही. तुम्ही मेलात म्हणून माझं मत बदलत नाही. बदललं तर तुम्हालाच आवडणार नाही.

मी तुमच्याकडे राहिलो तितके दिवस आपण भांडलो. एकदा पोलीस बोळातून जात होते, आणि तुम्ही माझं पत्रक हातात घेऊन पेन्सिलीनं खोडत होता. "हा 'म्हणून' पोकळ आहे. कारण दे, नाहीतर वाक्य काढ." पोलिसांच्या बुटांचा आवाज ऐकून मी दाराआड दडलो होतो आणि तुम्हाला माझ्या वाक्याची काळजी! मी निघताना म्हणालो, "देश तुमचे उपकार विसरणार नाही." तुम्ही खेकसलात, "देशाचा काय संबंध? माझा विद्यार्थी उपाशी आला, मी ताट वाढलं. उद्या छावणीतला गोरा सोल्जर उपाशी आला तर त्यालाही वाढीन. उगाच मोठं नाव देऊ नकोस."

इथंच तुम्ही मला अडकवून ठेवलंत! ही गोष्ट उद्या मी नुसती अर्धी सांगितली, बाहेर पोलीस आणि आत माझं पत्रक हाती घेतलेले मास्तर, एवढं चित्र उभं केलं, तर समिती उभी राहील. वकीलसुद्धा डोळे पुसतील. मला ते जमतं, माझा धंदाच आहे तो. सोल्जरचं वाक्य तेवढं गाळायचं. एक वाक्य गाळलं की शांताची नोकरी वाचते!

का बोललात ते वाक्य? काय अडलं होतं?

काल मी भिंगारला गेलो आणि शांताला सगळं सांगितलं. ती जात्याजवळ तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दामूदादा, भाकरी मी थापल्या होत्या. त्या तात्यांच्या ठरावाला लावायच्या असतील तर आधी मला विचारा."

"तेच विचारायला आलोय."

"मग नाही."

"अगं, नोकरी जाईल!"

"जाईल. पण बाबा देशभक्त म्हणून मी राहिले, तर वकिलांचंच खरं झालं ना? म्हणजे बाप बघूनच शाळेत बाई नेमायची. आज माझ्या बापानं मला तारलं, उद्या दुसरीला तिच्या बापानं बुडवलं. तिच्या बापाची गोष्ट सांगायला कोण दादा येणार आहे?"

मी तिच्या तांदळातले खडे वेचायला लागलो. मास्तर, मी! तुरुंगात अधिकाऱ्याशी हुज्जत घालणारा मी!

ती पुढे म्हणाली, "आणि तुम्ही असं भाषण करता ना, की लोक पाठिंबा देतात आणि कशाला दिला ते घरी जाईपर्यंत विसरतात. उद्या तसं करू नका. माझा वर्ग बघायला सांगा. पोरींना प्रश्न विचारायला सांगा. नाही आलं त्यांना, तर मला काढा. मी रडणार नाही."

"आणि आलं तरी काढलं तर?"

"तर तुम्ही चिडा," ती म्हणाली. "ते तुम्हाला छान जमतं."

मास्तर, तुम्ही तिला हे काय शिकवून ठेवलंत? पोरीनं जरा रडावं, दादा काहीतरी करा म्हणावं, तर मलाही सोपं गेलं असतं. खऱ्यानं वागायचं आणि पुन्हा पोटही भरायचं, हे या गावात किती अवघड आहे ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी तुम्ही तिला दुसरा रस्ताच दाखवला नाहीत. याचा मला राग आहे. गावाचा राग आहे, वकिलांचा आहे, दयाळू तात्यांचा तर सगळ्यांत जास्त आहे. कारण वकील अन्याय करताहेत हे दिसतं तरी. तात्या अन्यायालाच गूळ लावून देताहेत, आणि तो गोड लागतो.

पण राग धरून बसायला आता वेळ नाही. उद्या काय करणार ते तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे सभेत माझी जीभ वळवळली तरी मन वळणार नाही.

तुमची गोष्ट मी सांगणार नाही. ना अर्धी, ना पुरती. वकिलांना टोमणा मारणार नाही. हे माझ्यासाठी उपासाहून कठीण आहे. मी फक्त एवढाच ठराव मांडीन की समितीनं चौथीच्या वर्गात जावं, बाकावर बसावं आणि स्वतः पाहावं. त्यात माझा आवाज चढणार नाही. लोक म्हणतील, दामूअण्णाचं आज पाणी ओसरलं. म्हणू देत.

जिंकलो तर ती शांताच्या कामाची जीत असेल, आणि मी तुम्हाला कळवायलाही येणार नाही. तुम्ही त्यात नवल ते काय म्हणाल.

हरलो, तर मात्र त्याच संध्याकाळी भिंगारच्या दफनभूमीत तुमच्यापाशी येऊन का हरलो ते सांगेन. नशीब म्हणणार नाही. देवाची इच्छा म्हणणार नाही. इंग्रजावरही ढकलणार नाही, तो आता इथं नाही. ज्यांनी हात वर केले त्यांची नावं घेईन, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेकाच्या दारात जाऊन 'म्हणून कसं?' विचारायला लागेन. पहिलं दार तात्यांचं.

तुमचा,
दामू