पलीकडच्या टेबलावर

सिंगापूर,
१४ ऑक्टोबर २००७

तीर्थरूप बाबांना,
निशिकांतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो आहे. इकडे सगळे बरे आहेत. शुभदाची वन-नॉर्थ भागातल्या कंपनीतली नवी नोकरी मार्गी लागली. आर्याला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी इथल्या लोकांसारखं ‘लाह’ लावते. तुम्ही शिकवलेलं बुद्धिबळ मात्र ती विसरलेली नाही. परवा तिनं मला हरवलं.

अरुणाताई म्हणाली, डिसेंबरमध्ये इकडे येण्याच्या तिकिटाला तुम्ही नको म्हणालात आणि गुडघ्यांचं कारण दिलंत. रोज सकाळी तुम्ही टेकडी चढता, हेही तिनंच सांगितलं. म्हणून मार्चमधल्या त्या दुपारबद्दल विचारायचं धाडस करतो.

तुम्ही पुण्याला परत जाण्याआधीचा तो आठवडा. माझं ऑफिस बघायचं म्हणून कुणाला न सांगता तुम्ही बुकित तिमाहहून आमच्या घरून एकटे बसने तांजोंग पगारला आलात. रिसेप्शनवरच्या मुलीनं तुम्हाला सांगितलं, की मी समोरच्या कोरियन हॉटेलात जेवायला गेलो आहे. हे मला तिच्याकडून नंतर कळलं. हाँगकाँगहून आलेले साहेब आणि दोन सहकारी माझ्याबरोबर होते. हॉटेल साधंच, दहा-बारा टेबलांचं. तिथली खासियत एकच: डुकराच्या मांसाचं, थापून पातळ केलेलं, ताटाएवढं कटलेट, कुरकुरीत तळलेलं, वर तपकिरी सॉस. मी असलं काही खातो हे तुम्हाला माहीत नव्हतं.

दार उघडून तुम्ही आत आलात. मी तुम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली.

वाटलं, तुम्ही परत फिराल. पण हॉटेलच्या बाईनं तुम्हाला दंडाला धरून पलीकडच्या टेबलावर बसवलं. तुम्ही मेनूकार्ड बराच वेळ उलटसुलट केलंत आणि शेवटी एका चित्रावर बोट ठेवलंत. आधी सूप आलं, मग ते कटलेट. काट्यानं तुम्ही त्याची कड उचलून पाहिलीत, ते बाजूला सारलंत, आणि भात, चिरलेला कोबी, पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याच्या चकत्या एवढंच खाल्लंत. मग पैसे देऊन निघून गेलात. वीस मिनिटं मी तुमच्यापासून चार हातांवर बसलो होतो.

संध्याकाळी तुम्ही शुभदाला म्हणालात, की बसने शहर पाहिलं, छान झालं. त्यावरून मी ठरवून टाकलं, की मोतीबिंदूमुळे मी तुम्हाला दिसलोच नाही. सात महिने तेच धरून बसलो आहे. बाबा, मी तुम्हाला दिसलो होतो का?

उत्तर काहीही असलं तरी मला परका करू नका.

तुमचा,
निशिकांत


पुणे,
२९ ऑक्टोबर २००७

चि. निशिकांत यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर फार बिघडलं आहे. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांचं असंच होत असावं. इकडे अरुणानं माझ्या चहातली साखर बंद केली आहे. मी शेजारी शिरीषकडे जाऊन दुसरा कप घेतो. तिला कळवू नकोस.

तू दिसला होतास. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात होता, उजवा ठणठणीत आहे.

माझ्या जेवणाचं मनाला लावून घेऊ नकोस. ती बाई भली होती. कटलेट सोडलेलं पाहून तिनं न मागता आणखी भात आणून ठेवला. मुळा चवीला बरा होता, जरा गोडसर.

तू मान का खाली घातलीस ते मला तिथेच कळलं. तू आठवीत असताना वर्गातल्या मुकुलकडे ऑम्लेट खाऊन आलास, तेव्हा मी तुला दिवेलागणीपर्यंत अंगणात उभं केलं होतं. डोक्यावरून गार पाणी घेतल्यावरच घरात येऊ दिलं. तुझी आई रडत होती, मी तिचं ऐकलं नाही. चाळिशीच्या माणसाला बापासमोर ताट लपवावंसं वाटतं, यात दोष बापाचा. हे तुझी आई होती तेव्हाच कबूल करायला हवं होतं. तिला बरं वाटलं असतं. यापुढे तुला हवं ते खा, मोकळेपणानं खा.

तिथे तू एकदा मोठ्यानं हसलास. किती वर्षांनी ते हसणं ऐकलं. मुलाचं बरं चाललंय असं वाटलं. तेव्हा आता जुनं उकरू नकोस. तिकिटाला नाही म्हणालो ते गुडघ्यांमुळेच, असं समज.

शुभदाला आणि आर्याला अनेक आशीर्वाद. सवडीनं लिहीत जा, नाहीतर अक्षर आणखी बिघडेल.

तुझा,
बाबा


सिंगापूर,
११ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र ऐन दिवाळीत मिळालं. वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं. बाबांनी किती समजून घेतलं म्हणून मी ते शुभदाला दाखवलं. तिनं वाचलं आणि इतकंच विचारलं, की त्या दिवशी माझ्या ताटात नुसता कोबी-भात असता तर मी उठून तुमच्याकडे गेलो असतो का. म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही माझी माफी मागावी असं काही घडलेलं नाही. ती आठवीतली शिक्षा मला आठवते, पण त्या दुपारी ती मनातसुद्धा आली नव्हती. मला कटलेटची लाज वाटली नाही. तुमची वाटली. तुमचा लेंगा, रेक्झिनची पिशवी, एसी बाधतो म्हणून घातलेली कानटोपी. साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते, की आमचा विभाग कुणाच्या हाती द्यायचा. तुम्ही टेबलाशी येऊन मराठीत बोलायला लागलात तर ते काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि माझं ते हसणं. एक सहकारी तुमच्याकडे बघून म्हणाला, की या म्हाताऱ्यानं एवढं कटलेट मागवलं आणि सशासारखा पाला खात बसलाय. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

विभाग मला मिळाला. हे तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होतेत.

क्षमा मागण्याचं तोंड नाही. तरी मागतो.

तुमचा,
निशिकांत


पुणे,
२६ नोव्हेंबर २००७

चि. निशिकांत यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले.

सशाचं मला कळलं होतं. इंग्रजी बोलायला जमत नाही, पण पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं इंग्रजी फायली वाचल्या, कानावर पडलेलं समजतं. ऐकायलाही तेव्हा बरं येत होतं. तू कशावर हसलास तेही समजलं होतं. ऑम्लेटची गोष्ट खरी आणि तिचं दुःखही खरं, पण ती मी पुढे केली ती तुला टेकायला काहीतरी असावं म्हणून. तू टेकला नाहीस. बरं केलंस. शुभदाला माझा निरोप दे, की तिनं विचारायला हवं तेच विचारलं.

राग केव्हाच गेला. वाईट वाटलं होतं, ते अजून वाटतं. नाही म्हणून लिहिलं तर मीही पुन्हा खोटं लिहिल्यासारखं होईल. म्हणून यंदा तिकीट काढू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा विचार, तेव्हा बघू. मधल्या काळात पत्रं मात्र थांबवू नकोस.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो, की तू उठून आला असतास तर मी काय केलं असतं. तुझ्या साहेबांना नमस्कार केला असता, तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं असतं आणि निघालो असतो. तुमच्यात बसायचं माझ्या मनात नव्हतंच. दोन मिनिटांचं काम होतं.

माझी माया आहे तशीच आहे, त्याबद्दल शंका नसावी.

तुझा,
बाबा