दवाचा शब्द

आवेलो, ९ ऑगस्ट

लाडक्या नेलितास,

इकडे सगळ्यांच्या चुली पेटताहेत, तिकडे गोरोक्यात तुझीही पेटती असो.

तुझं पत्र पोचलं. यंदा रताळी बरी आलीत. शाळेचं छप्पर वाऱ्याने नेलं, त्यामुळे पोरांना अंगणात शिकवते. तू निजायचीस त्या कोपऱ्यात आता डुकरीण व्याली आहे. रागावू नकोस, तीही तुझ्यासारखीच झोपेत बडबडते.

तू विचारलंस, दवाचा आमचा शब्द 'प'ने सुरू व्हायचा, मग शाळेने आता पाठवलेल्या शब्दांत 'हीलाम' कुठून आला? तो तर नदीपलीकडच्या सिवेंचा. चुकून शिरला का?

चुकून नाही. सांगते.

आमची भाषा लिहून घ्यायला आली होतीस, तेव्हा तू आमच्या ओसरीवर मांडून दाखवलं होतंस. आमची आग 'पारी', सिवेंची 'हारी'. आमचं पाणी 'पोमा', त्यांचं 'होमा'. जिथे आमचा प, तिथे त्यांचा ह. वरच्या डोंगरावरची माणसं संपली, त्यांची भाषा धरून तू म्हणालीस, "या तिघी सख्ख्या बहिणी." किती हसलो होतो आम्ही! आमचं बोलणं म्हणजे सिवेंना थुंकणं वाटायचं, त्यांचं आम्हाला धापा टाकणं.

माझे थोरले काका तांबुरे मात्र हसले नव्हते. पुढे सिवेंचा केवास माझ्या मुलीला मागायला आला, तेव्हा ते सभेत उठले. "बहिणी म्हणजे रक्त एक. भावाला मुलगी देता? थू!"

मी म्हटलं, "काका, बहिणी भाषा आहेत. माणसं नव्हेत."

"आणि भाषा कुणाच्या तोंडात असते? झाडाच्या?"

आमच्या कितीतरी आज्या सिवेतूनच आलेल्या. पण जमिनीचा तंटा पेटला होता, काकांना कारण हवं होतं, ते तुझ्या बोलण्यात सापडलं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

पोरगी भर सकाळी, सगळ्यांदेखत, कपाळाला पिशवी अडकवून नदी उतरली. काकांनी पलीकडची वाट बंद केली. जो जाईल, त्याने परतू नये. मी धुणं घेऊन काठावर जायची, ती पलीकडून ओरडून बोलायची. हळूहळू तिचा प ह होत गेला. मी चिडवायची, "धापा का टाकतेस गं?"

पोटावर हात ठेवून म्हणायची, "दोघांचं ओझं आहे, आई."

नेलिता, बाळंतपणात ती गेली. बाळही.

केवासने काठावरून हाक दिली. मी पाण्यात शिरले तर मागे काठीचा आवाज. काका होते. वाट त्यांनी बंद केली होती, त्यांनीच मोडली. सिवेच्या बायका तिला मांडीवर घेऊन रडत होत्या. त्या काय म्हणून रडताहेत ते काकांना शब्द न् शब्द कळत होतं. ते खाली बसले आणि त्यांच्यातच रडू लागले.

गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, तुला ठाऊक आहे. नावात असलेला शब्दही अख्खा गाव टाकतो. ती जन्मली पहाटे, गवत ओलं असताना. तिचं नाव दवावरूनच ठेवलेलं, म्हणून दवाला दुसरा शब्द शोधायची पाळी आली. कुणी म्हणालं 'गवताचा घाम', कुणी 'रात्रीचं पाणी'. काका म्हणाले, "बहिणीकडे आहे की. तिच्याकडून आणा."

तसा 'हीलाम' नदी ओलांडून आमच्याकडे आला.

आता काका मला टोचत असतात, "नेलिताला विचार, आई एक होती तर या बहिणी वेगळ्या कधी झाल्या? भांडल्या कशावरून?" मला काय कळतंय त्यातलं. तूच ये, त्यांच्याशी बोल. फार थकलेत ते.

तर 'हीलाम' उसना आणलेला म्हणून लिही, तुझा नियम कुठे मोडलेला नाही. आमचा जुना शब्द खोडू नकोस. तो तू तिच्याच तोंडून घेतला होतास. तुझ्या आवाज टिपायच्या यंत्रात अजून असेल. येशील तेव्हा घेऊन ये. गावात कुणाला ऐकवू नकोस. मला एकदा नदीपलीकडे नेऊन ऐकव.

जिला आता कुणी 'अमकीची आई' म्हणून हाक मारू शकत नाही, ती तुझी
यासेल मावशी